नंबर नसलेल्या घरांचं मत

कांजूरमार्गच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेनं जी वसाहत होती तिला सगळे कॅम्प म्हणत. घाटकोपरला हायवे रुंद करताना ज्यांच्या झोपड्या आड आल्या, त्यांना सरकारी ट्रकमधून आणून तिथं उतरवलं होतं. फक्कीच्या रेघा मारून जागा वाटल्या गेल्या. घरांचे नंबर मागाहून देऊ, असं सांगून अधिकारी निघून गेले. मागाहून कोणी आलं नाही. कॅम्पातली मुलं मोठी झाली, काहींची लग्नं होऊन सुना आल्या, तरी दारावर नंबर नव्हता.

विधानसभेच्या मतदार यादीत या लोकांची नावं होती. महापालिकेच्या यादीत मात्र नव्हती, कारण पालिकेच्या नियमात नंबर नसलेलं घर हे घरच नव्हतं. म्हणजे हे लोक आमदार निवडू शकत, पण नगरसेवक नाही. आणि नळ, गटार, संडास, कचऱ्याची गाडी, सगळं असायचं नगरसेवकाच्या हातात. ज्याला कॅम्पातून एकही मत मिळायचं नाही, तो नगरसेवक कॅम्पात कशाला पाय ठेवेल? तो ठेवतही नसे.

त्यांची आमदार होती जानकी धुरी. मूळची मालवणकडची, लग्न होऊन भांडुपच्या चाळीत आली. नवरा सीताराम गिरणीत कापड विणणारा साचेवाला होता. मोठ्या संपात त्याची गिरणी सुटली ती सुटलीच, आणि आता तो पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका होस्टेलात जेवणघर सांभाळत होता. संपाच्या दिवसांत जानकीनं रॉकेलसाठी, रेशनसाठी बायकांचे मोर्चे काढले. रेशन ऑफिसच्या दारात ती एकदा अशी बसली, की साहेबाला खिडकीतून बाहेर पडावं लागलं. पुढे निवडणूक आली तेव्हा सत्ताधारी पक्षाला गिरणगावातून उपनगरात आलेल्यांची मतं हवी होती आणि एक बाई उमेदवार हवी होती. दोन्ही गोष्टी जानकीत सापडल्या. बाई निवडून येईल आणि मागच्या बाकावर गप्प बसेल, असा पक्षाचा अंदाज होता. पहिलं वर्ष ती बसलीही.

मग एकदा कॅम्पात पाण्यासाठी भांडण पेटलं असताना सरूबाईनं तिला गाठलं. सरूबाई कोळीण. घाटकोपरहून तीही त्याच ट्रकमधून आलेली, डोक्यावरची मासळीची पाटी अजून सुटली नव्हती.

"आमदारीन, एक सांग गो," सरूबाईनं डाव्या हाताचं बोट तिच्या नाकासमोर धरलं. "तुला मत द्यायच्या टायमाला या बोटाला शाई लागते ना? मग पालिकेच्या टायमाला या बोटाला काय होतं? सडतं?"

जानकीनं एका वकिलाच्या मदतीनं चार ओळींचं विधेयक तयार केलं. ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत आहे, त्याचं नाव महापालिकेच्या यादीत असेल. घराला नंबर असो वा नसो. बस, एवढंच.

शुक्रवारी दुपारी विधानसभेत साध्या आमदारांनी आणलेल्या विधेयकांची चर्चा होते. त्याची एक ठरलेली रीत होती. आमदारानं भाषण करायचं, मंत्र्यांनी "सरकार विचार करील" म्हणायचं, आमदारानं आभार मानून विधेयक मागे घ्यायचं. मंत्री "विचार करील" म्हणाले. जानकी उभी राहिली आणि म्हणाली, "अध्यक्ष महाराज, मी विधेयक मागे घेत नाही."

सत्ताधारी बाकांवरचे निम्मे आमदार गावाकडच्या गाड्या पकडायला निघून गेले होते. समोर विरोधी बाकांवर बोरिवलीचे रामनाथ राऊत होते. त्यांच्याही भागात डोंगरउतारावर अशाच बिननंबरी वस्त्या होत्या. त्यांनी पटकन आपल्या लोकांना कँटीनमधून बोलावून आणलं आणि आवाजी मतानं विधेयक मंजूर होऊन गेलं. मंत्री उभे राहून काही बोलणार, तोवर अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले होते. वरच्या सभागृहात शिक्षकांच्या आणि पदवीधरांच्या आमदारांनी ते उचलून धरलं. आता फक्त राज्यपालांची सही बाकी होती.

राज्यपालांनी सही केली नाही. विधेयक परत आलं, सोबत संदेश होता: ज्याचा पत्ता निश्चित नाही आणि जो घरपट्टी भरत नाही, त्यानं शहराचा कारभार ठरवावा का, याचा सभागृहानं फेरविचार करावा.

रामनाथांनी जानकीला विधान भवनाच्या पायऱ्यांवर गाठलं. "बाई, वाट लागली. तुमच्याच सरकारनं राजभवनात कान भरलेत. आमचे लोक उभे राहतील, पण तुमच्या बाकांवरून कोणी उठलं नाही तर संपलं."

"घटनेत काय आहे?" जानकीनं विचारलं.

"दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं, तर राज्यपालांना नाही म्हणता येत नाही. सही करावीच लागते."

"मग पुन्हा करू."

त्याच आठवड्यात मुलुंडला एका दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. पाहुणे राज्यपाल. आजूबाजूच्या आमदारांना व्यासपीठावर बसवायची पद्धत, म्हणून जानकीलाही खुर्ची मिळाली आणि आभाराचे दोन शब्द बोलण्याचं काम मिळालं. मांडव गच्च भरला होता. पुढच्या रांगांत डॉक्टर, देणगीदार, त्यांच्या बायका. मागे कुंपणाच्या जाळीजवळ कॅम्पातल्या बायका येऊन उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सरूबाईची मुलगी शकु, जी कॅम्पात बालवाडी चालवायची, ती त्यांना घेऊन आली होती.

जानकीनं दवाखान्याचे आभार मानले, देणगीदारांचे मानले. मग ती राज्यपालांकडे वळली.

"राज्यपाल साहेबांचे आभार मानायला मी उभी आहे. पण साहेब, तुम्ही आमचं विधेयक परत पाठवलंत, त्याबद्दल मी आभार मानू शकत नाही. ते माझं एकटीचं नव्हतं. त्या जाळीपाशी ज्या उभ्या आहेत ना, त्यांचं होतं. आमच्या मतानं आमदार होतो, मंत्री होतो, मुख्यमंत्री होतो. मग त्याच मतानं वॉर्डाचा नगरसेवक का होत नाही? सभागृह याचा फेरविचार करील. आणि तेच विधेयक पुन्हा तुमच्याकडे येईल."

पुढच्या रांगांत कुजबुज झाली. जाळीजवळून टाळ्या आल्या, आणि शकुनं इतक्या जोरात शिटी मारली, की एक पोलीस हवालदार तिच्याकडे धावला.

चहासाठी सगळे आतल्या खोलीत गेले तेव्हा एका अधिकाऱ्यानं जानकीला बाजूला बोलावलं. राज्यपाल खिडकीजवळ उभे होते. उंच, पांढऱ्या केसांचे, परप्रांतातले, साऱ्या आयुष्यात कोणी आवाज चढवून त्यांच्याशी बोललं नसावं असे. ते हिंदीत बोलत होते. जानकी अर्धं हिंदीत आणि अर्धं मराठीत बोलत होती. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं.

"बहनजी, व्यासपीठावरून राज्यपालाला असं बोलायची प्रथा नाही."

"प्रथा मला ठाऊक नाही, साहेब. तुम्हाला विधेयक परत पाठवायचा हक्क आहे. मला परत बोलायचा आहे."

ते किंचित हसले. "रागावलो नाही मी. पण मला सांगा, ज्या घराला नंबरच नाही तिथं माणूस राहतो, हे पालिकेनं कसं मानायचं?"

"पाडायला येतात तेव्हा कसं मानतात?"

राज्यपालांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली," ते म्हणाले. "नियम नसला की शहर कोसळतं. आज तुम्ही या वस्तीला मत द्याल, उद्या आणखी दहा वस्त्या उभ्या राहतील."

"या वस्तीला कोणी उभं केलं? सरकारनंच ट्रकमधून आणून टाकलं. ट्रकवर बसवताना नंबर विचारला नाही."

"हे पाहा. तुम्ही दोन्ही सभागृहांत पुन्हा मंजूर करून आणलंत, तर मला सही करावी लागेल. मी घटनेबाहेर जाणार नाही. पण मला वाटतं, तुम्हाला ते जमणार नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खिडकीबाहेर बघून राज्यपाल म्हणाले, "मुलुंडला हवा चांगली आहे." जानकीनं नमस्कार केला आणि बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिला राग आला. आपण हरणार हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं, त्याचा राग.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश नाईकवडी तिच्या भांडुपच्या खोलीत आले. ते पक्षाचे मुख्य प्रतोद. कोणत्या ठरावावर पक्षाच्या आमदारांनी कसं मत द्यायचं, ते त्यांच्या सहीच्या कागदावर ठरे. चाळीत गाडी शिरत नसल्यामुळे ते गल्लीतून चालत आले होते आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांना चिखल लागला होता.

"जानकीताई, पक्षादेश निघालाय," ते खाटेवर टेकत म्हणाले. "विधेयकाच्या विरोधात मत द्यायचं. सगळ्यांनी."

"माझ्याच विधेयकाच्या विरोधात?"

"राज्यपालांचा मान राखायचा असतो, ताई. आणि मुलुंडला तुम्ही जे केलंत ते वरपर्यंत गेलंय. मी सांभाळून घेतलं. आता तुम्ही मला सांभाळून घ्या."

"आणि नाही घेतलं तर?"

नाईकवडींनी रुमालानं मान पुसली. "पक्षांतरबंदीचा कायदा आलाय आता. पूर्वीसारखं नाही राहिलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलंत तर आमदारकी जाते. मग भाषणं कुठं करणार? रेशनच्या रांगेत?"

"तिथूनच आलेय मी."

"ताई, मी तुमच्या भल्याचं बोलतोय. तुम्ही फक्त त्या दिवशी येऊ नका. ताप आला म्हणा. आपण कारवाई करणार नाही. पुढच्या फेरबदलात एखादं महामंडळ..."

"चहा घेणार?" जानकीनं विचारलं. तिच्या आवाजावरून नाईकवडींना कळलं, की चहा घेऊन निघायचं आहे.

संध्याकाळी सीताराम कामावरून आला. जानकीनं त्याला सगळं सांगितलं. तो मोरीवर पाय धूत होता.

"काय करू मी?" तिनं विचारलं.

"माका काय इचारतंस? संप केलंव तेव्हा तू माका इचारलंस काय, घर कसा चलतला म्हणान?"

"नाय इचारलंय."

"मग?" त्यानं पाय पुसले. "गिरणी गेली तेव्हा माका वायट वाटला. पण संपात भायर रवलंय हेचा कधी वायट वाटूक नाय. तू तुझा बघ. आणि ताप येवक नाय तर ताप इलो म्हणान सांगू नको. जेवूक काय केलंस?"

जानकी खरंतर घाबरलेली होती. आमदारकी म्हणजे नुसती खुर्ची नव्हती. रेशन ऑफिसर फोन उचलायचा, पोलीस स्टेशनात बसायला खुर्ची मिळायची, दवाखान्यात खाट मिळायची, ते सगळं लोकांसाठीच होतं. एका मतासाठी ते घालवायचं का? कॅम्पच्या लोकांना उद्या कोण विचारणार? हा विचार करत ती रविवारी कॅम्पात गेली आणि बालवाडीच्या पत्र्याखाली जमलेल्यांना तिनं सरळच सांगितलं, की विधेयकाच्या बाजूनं उभी राहिले तर मी तुमची आमदार राहणार नाही.

एक म्हातारा म्हणाला, "मग नका राहू उभ्या. तुमी हायत म्हनून निदान टँकर येतो."

"टँकर!" शकु उसळली. "किती वर्षं टँकरच्या मागं धावायचं, नाना? आमदारबाई आहेत म्हणून येतो. उद्या दुसरा आमदार आला की बंद. आपला नगरसेवक असला तर पाइपच येईल."

"आला नाय तर?"

"तर त्याला पाडू. मत असेल ना आपल्याकडे."

वाद सुरू झाला. लोक एकमेकांवर ओरडत होते, बायका मधे पडत होत्या. जानकीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ती उठून निघाली तेव्हा सरूबाई तिच्यासोबत हायवेपर्यंत आली. "ती पोरगी लय बोलते," सरूबाई म्हणाली. "पन खोटं नाय बोलत."

मतदानाच्या दिवशी प्रेक्षक गॅलरी भरली होती. राज्यपालांचा संदेश वाचून दाखवला गेला. सत्ताधारी बाकांवरून एकामागून एक भाषणं झाली: राज्यपालांचं पद, त्या पदाची प्रतिष्ठा, शहराची शिस्त. जानकीला बोलायला थोडाच वेळ मिळाला.

"अध्यक्ष महाराज, प्रतिष्ठेबद्दल सगळे बोलले. राज्यपालांना कोणी मत देत नाही, तरी त्यांना प्रतिष्ठा आहे. आपल्याला लोकांनी मत दिलं म्हणून आपण इथं आहोत. आज राज्यपाल आपल्याला विचारतायत, की या लोकांच्या मताला किंमत आहे का. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण आधी राजीनामे द्या. कारण त्याच मतांवर आपण इथं बसलोय. माझ्या पक्षानं मला सांगितलंय की विरोधात मत दे. मला हेही सांगितलंय की नाही दिलंस तर जागा जाईल. ही जागा ज्यांनी दिली, त्यांना मी विचारून आलेय. ते अजून भांडतायत. त्यांचं ठरेपर्यंत मी माझं मत देते."

समोरची बाकं वाजू लागली. अध्यक्षांनी मतविभागणी पुकारली. घंटा वाजली. आणि तेव्हा एक गोष्ट घडली, जी नाईकवडींच्या हिशेबात नव्हती. दारं बंद व्हायच्या आधी सत्ताधारी बाकांवरून माणसं उठून बाहेर जाऊ लागली. अंधेरीचे एक, कुर्ल्याचे एक, ठाण्याकडचे दोघं, मग आणखी. ज्यांच्या ज्यांच्या भागात बिननंबरी घरं होती त्या सगळ्यांना एकाच वेळी कुठंतरी दुखू लागलं. एकानं छातीवर हात ठेवला होता. नाईकवडी बाकांमधून धावत एकेकाचा दंड धरत होते.

दारं बंद झाली. अनुकूल सदस्यांना उभं राहायला सांगितलं. विरोधी बाकं उभी राहिली. सत्ताधाऱ्यांच्या बाजूला एकटी जानकी उठली. तिच्या दोन्ही बाजूंचे आमदार समोरच्या कागदांत डोकं घालून बसले होते. तिनं बाकाची कड घट्ट धरली आणि मोजणारा अधिकारी समोर येईपर्यंत हनुवटी खाली केली नाही.

विधेयक सात मतांनी मंजूर झालं. वरच्या सभागृहातही पुन्हा निभावलं.

एवढं होऊनही राजभवनातून सही येईना. आठवडे गेले. कायद्याचा सल्ला घेणं चालू आहे, असं उत्तर मिळे. तेव्हा रामनाथ आणि जानकी, आणि मागून त्या दिवशी छातीत दुखलेल्यांपैकीही काही जण, वाळकेश्वरला राजभवनाच्या फाटकाबाहेर फुटपाथवर जाऊन बसले. पोलिसांनी उठा म्हटलं, ते उठले नाहीत. वर्तमानपत्रांत फोटो आले. दुपारी उन्हात बसलेल्या आमदारांसाठी आतून पाणी पाठवलं गेलं. जानकीनं ते घेतलं नाही. "पाणी कांजूरला पाठवा," ती शिपायाला म्हणाली. त्यानंतर लवकरच सही झाली. राज्यपालांनी जानकीला बोलावलं नाही की काही कळवलं नाही. घटनेबाहेर जाणार नाही म्हणाले होते, ते गेले नाहीत.

जानकीची आमदारकी गेली. छातीत दुखलेल्यांपैकी कोणाचीही गेली नाही, सगळ्यांनी डॉक्टरांचे दाखले आणले. विधानसभेच्या पोटनिवडणुकीत ती अपक्ष उभी राहिली आणि पडली. भांडुपच्या बिल्डिंगवाल्यांना "झोपडपट्टीची बाई" नको होती, आणि पक्षानं जोर लावला होता. निकालाच्या दिवशी ती घरी आली, सीतारामनं काही न विचारता ताट वाढलं, आणि ती जेवता जेवता रडली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रेशन ऑफिसच्या पायऱ्या चढू लागली.

पुढे महापालिकेची निवडणूक झाली. कॅम्पाच्या बालवाडीतच मतदान केंद्र होतं. लोक पहाटेपासून रांगेत होते. सरूबाईनं पाटी दारात ठेवली, आत जाऊन मत दिलं आणि बाहेर येऊन तीच पाटी उचलून भांडुपला मासळी विकायला गेली. वॉर्डातून निवडून आली शकु.

शकुनं नगरसेवक झाल्यावर पहिलं काम म्हणून पालिकेच्या सभेत पाण्याच्या पाइपसाठी असं काही भांडण काढलं, की तिला त्या दिवसापुरतं सभागृहाबाहेर काढलं. जानकीला ऐकून बरं वाटलं. मग काही महिन्यांनी जानकीच्या चाळीमागचं गटार तुंबलं. वॉर्ड तोच, म्हणून ती अर्ज घेऊन शकुकडे गेली. बालवाडीतच तिचं ऑफिस होतं. बाहेर बाकड्यावर माणसं बसली होती. जानकी सरळ आत शिरू लागली.

"आत्या, रांग आहे," शकु आतून म्हणाली. "बसा जरा."

जानकी बसली. तिची पाळी आली तेव्हा शकुनं अर्ज वाचला. "करू. पण पुढच्या वर्षी. यंदाचा निधी कॅम्पाच्या पाइपला गेला."

"पुढच्या वर्षी? शकु, घरात पाणी शिरतंय आमच्या!"

"आमच्या घरात येतच नव्हतं, आत्या. आधी कॅम्प."

"मी तुझ्यासाठी आमदारकी घालवली, आणि तू मला रांगेत बसवून वर नाही म्हणतेस?"

"माझ्यासाठी नाही घालवली. मतासाठी घालवली. आणि मत मला कॅम्पनं दिलंय." शकुचा आवाज चढला होता, पण तिनं नजर हटवली नाही. "चाळीतल्यांनी कोणाला दिलं, मला माहितेय."

"मी तुला दिलं!"

"तुमचं एक. बाकीच्यांचं?"

बाहेरच्या बाकड्यावरची माणसं मान वाकडी करून ऐकू लागली. जानकीनं पदर खोचला आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या मी चाळीतल्या बायका घेऊन येते. तुझ्या दारात बसते. बघू किती दिवस नाही म्हणतेस."

"या ना," शकु म्हणाली. "चटई घेऊन या. इथं जमीन ओली असते."